टिकलीची जागल

झोपायला जायचं म्हणून जोसनानं नवा गाऊन घेतला होता. सुती, बारक्या पिवळ्या फुलांचा, गळ्याशी एकच बटण. दोनदा धुऊन तिनं तो मऊ करून घेतला, कारण एकदा अंगात घातला की तो मृग लागल्यावरच निघणार होता. शेजारच्या वंदनाला तिनं तो कुंपणावरून उलगडून दाखवला, माहेरी निघालेली बाई नव्या लुगड्याची घडी मोडून दाखवते तसा.

"यंदा माही झोप आहे," ती म्हणाली.

"खरंच का वयनी? मंग जागलीले हेमराजभाऊ बसून राह्यले?"

"हौ तर. आईसमोर कबूल केलं त्यायनं."

वंदनाच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. जोसनाला तेव्हा ते कौतुक वाटलं.

मोहबोडी हे सिंदेवाहीच्या पलीकडं जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. तिथला उन्हाळा कधीच सोपा नव्हता, पण गेल्या काही वर्षांत तो माणसांच्या कामाचाच उरला नव्हता. एप्रिल अर्धा झाला की टाकीतलं पाणी चटके देई, पंखा गरम वारा अंगावर फेकी, आणि दुपारी वीज गेली की गावात कुणी ना कुणी दगावे. म्हणून मग गाव झोपू लागलं. एप्रिलच्या शेवटी निजायचं आणि मृगात उठायचं. याला उन्हाळझोप म्हणत.

मात्र प्रत्येक घरात एकाला जागं राहावं लागे. झाडीपट्टीत त्यासाठी जुनाच शब्द तयार होता. धान पिकलं की रानडुकरं येतात, म्हणून घरातला एक गडी मचाणावर बसून रात्रभर डबे वाजवायचा. त्याला जागलीला जाणं म्हणत. ती जागल गड्यांची होती आणि पाळीपाळीनं चालायची. ही नवी जागल घरात बसून करायची होती. घरात तर बाई असतेच. त्यामुळं कुणी न ठरवता ती बाईकडं आली.

जोसना पाच उन्हाळे जागलीला बसली होती. पहिल्या साली तिच्या नवऱ्याचा, हेमराजचा, गुडघा दुखत होता. दुसऱ्या साली राईस मिलच्या मालकानं त्याला ताजातवाना परत मागितला होता. तिसऱ्या साली त्याची आई, अनसाबाई, म्हणाली की मला कुशीवर वळवायला मुलाचा हात नको, आणि त्यात तिचं चूक नव्हतं. चौथ्या साली त्याचा रक्तदाब मोजला गेला आणि तो कुणालाच आवडला नाही. पाचव्या साली नुसतंच "पुढच्या साली पक्कं" झालं. आता ते पुढचं साल आलं होतं. सासूला वळवायला यायला वंदना तयार झाली, त्यामुळं तीही अडचण उरली नाही.

पूर्वी मे महिन्यात सासुरवाशिणी माहेरी जायच्या. जोसनाचे आईवडील गेले तसं तिचं माहेर मोडलं. एका मे महिन्यापुरतं आपण कुठंच नसावं, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची सोय नसावी, एवढीच तिची हौस होती.

ही झोप माणसाला मिळाली ती एका गोगलगाईकडून. अंगठ्याच्या नखाएवढी, तांबूस, चपटी. लोक तिला टिकली म्हणत, कारण ऐनाच्या खोडावर ती बाईच्या कपाळावर चिकटल्यासारखी दिसे. पावसाळ्यात टिकली जंगलातल्या पालापाचोळ्यात हिंडते. उन्ह तापायला लागलं की ती खोडावर चढते, शंखाचं तोंड सालीला टेकवते आणि आपल्याच चिकट द्रावाचा पडदा ओढून घेते. पडदा वाळून कागदासारखा होतो. आत ती महिनोन्‌महिने ना खाते ना पिते, आणि मरतही नाही. चूल विझवायची नाही, निखारा राखेत झाकून ठेवायचा, तसं ती जीव झाकून ठेवते. तिच्या शरीरातलं जे द्रव्य प्रत्येक पेशीला "आता सावकाश" असं सांगतं ते संशोधकांनी वेगळं काढलं आणि माणसाला मानवेल असं केलं. नाकात दोन फवारे मारले की झालं. माणूस गार पडतो, श्वास लांबतो, तहान भूक थांबते.

अडचण उठण्याची होती. मे महिन्यात एखादी अवकाळी सर येतेच. तिला भुलून टिकली उठली तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ती वाळून मरेल. म्हणून टिकल्या पुंजक्यानं झोपतात आणि पुंजक्यातली एक जागी राहते. तिचा पडदा पातळ असतो. ती आतून हवा चाखत बसते. ऋतू खरोखर पालटला अशी तिची खात्री झाली की तिच्या द्रावात एक उठवद्रव्य उतरतं, ती बाकीच्यांवरून फिरते, आणि ज्या ज्या पडद्याला तिचं अंग लागतं तो विरघळतो. हे उठवद्रव्य बाटलीत तासभरही टिकत नाही. ते जिवंत शरीरातच तयार व्हावं लागतं. म्हणून घरातल्या एका माणसानं दर आठवड्याला जागलीची मात्रा घ्यायची. त्याला झोप येत नाही, पण त्याच्या तळहाताच्या घामात उठवद्रव्य येतं. मृगात त्यानं झोपलेल्यांच्या कपाळावर आणि तळपायांवर हात ठेवले की तासाभरात माणसं उठून चहा मागतात.

जोसनानं हेमराजला सगळं शिकवलं. उन्हाळखोली अर्धी जमिनीत होती, जाड मातीच्या भिंतींची, वर तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, छप्पर. सकाळ-संध्याकाळ माणसं कुशीवर कशी वळवायची, ओठ ओल्या कापसानं कसे पुसायचे, खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या कशा ठेवायच्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत. हेमराज मान डोलवत होता. राईस मिलमध्येही तो मालकासमोर अशीच मान डोलवायचा.

अनसाबाईंनी निजताना शेवटच्या सूचना दिल्या.

"बाप्पू, लोनच्याच्या बरनीले हात लावू नको. ओल्या हातानं तं बिल्कुल नाई. अन् वंदना आली नाई तं मले तसीच राहू दे. जखम झाली तं झाली."

"हौ आई."

"बकरीले पानी."

"हौ."

"अन् जोसनाले नीट वळव. पाच साल तिनं आपल्याले वळवलं."

हे ऐकून जोसनाला भरून आलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि नाकात फवारे मारून घेतले.

अनसाबाई दुसऱ्या श्वासालाच झोपी गेल्या. जोसना वाट पाहत राहिली. आधी हात गार पडतात, मग आवाज लांब जातात, असं सगळे सांगायचे. तिचे हात गार पडलेही. पण आवाज कुठं जाईनात. वर स्वयंपाकघरात हेमराजनं दूध उतू घालवलं ते तिला ऐकू आलं. त्यानं ते पुसलं नाही तेही ऐकू आलं. इतक्या वर्षांनी पाळी आली आणि आपल्यालाच झोपता येत नाही, हे सांगायची तिला लाज वाटली. म्हणून ती डोळे मिटून पडून राहिली, परीक्षेत काहीच येत नसलं तरी पोरं मान खाली घालून बसतात तशी. हेमराज दोनदा येऊन तिला वळवून गेला. दुसऱ्यांदा वळवताना त्यानं तिचा हात तिच्याच अंगाखाली अडकवून ठेवला. तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी मानेवरून एक मुंगी चालत गेली आणि ती उठून बसली.

"वाट्यांत पानी नाई," ती म्हणाली.

हेमराजच्या हातातली परात खाली पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रावरून डॉक्टर उइके आल्या. तिशीतली बाई, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला. त्यांनी जोसनाच्या तळहातावर एक पांढरी पट्टी चिकटवली. बघता बघता पट्टी निळीशार झाली.

"ताई, जागल किती वर्षं केली?"

"पाच."

"मधे एकही साल सुटलं नाही?"

"कोन सोडू देते?"

डॉक्टरांनी हेमराजकडं पाहिलं. हेमराज माठाकडं पाहत होता.

"असं आहे," डॉक्टर म्हणाल्या, "जागलीची मात्रा वर्षादोन वर्षांपुरती ठीक असते. लागोपाठ घेत गेलं की शरीराला उठवद्रव्य बनवायची सवयच लागते. तुमच्या अंगात ते आता बाराही महिने असतं, मात्रा न घेताही; दुसऱ्याला उठवायला अपुरं, पण तुमची झोप मोडायला पुरेसं. तुम्ही झोपेचा फवारा मारता आणि आतून ते त्याला हाकलून लावतं."

"मंग ते काढून टाका."

"काढता येत नाही. दोन-तीन उन्हाळे मात्रा घेतली नाही तर हळूहळू उतरेल असं आम्हाला वाटतं. पण खात्रीनं सांगता येत नाही. इतकी वर्षं सलग एकच माणूस बसेल, हे आखणाऱ्यांनी धरलंच नव्हतं."

"त्यांच्या घरी कोन बसते?"

डॉक्टरांनी पट्टी गुंडाळली. "पहिल्या सालच्या सभेत हे सांगितलं होतं, ताई. एकाच माणसाला दोन वर्षांच्या वर बसवू नका म्हणून."

"मी नवती सभेत. झोपनाऱ्यायले बोलावलं होतं. जागलीवाल्याची सही लागत नाई म्हने."

सभेतून हेमराज घरी आला तो दिवस तिला चांगला आठवत होता. आलुबोंडा गरम होता, चटणीत फल्लीदाणे होते, एवढं त्यानं सांगितलं होतं. दोनदा.

डॉक्टर गेल्यावर हेमराज तिच्याजवळ येऊन बसला. पंच्यानं तिला वारा घालत राहिला. तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाशी भांडायला वेगळी ताकद लागते.

"माह्या ध्यानातच नाई राह्यलं वं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ऐक नं. मी अजून जागलीची मात्रा घेतली नाई."

"बरं मंग?"

"म्हंजे मले झोप लागू शकते. तुले तं लागतच नाई. आता तू जागीच राहनार, तं दोघंही जागं राहून का फायदा? एक मानूस तरी सुटन."

हिशेब बरोबर होता, आणि तेच तिला सहन होईना. त्यात एकही भोक सापडत नव्हतं. तिनं चिडून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिच्याआधी तिच्या तोंडानंच "बरं" म्हटलं.

तो तिच्याच अंथरुणावर निजला. उशीचा अभ्राही तिनं धुतलेला. तिनं गाऊन काढून खुंटीला अडकवला आणि वाट्यांत पाणी भरलं.

मे चढत गेला. मोहबोडीच्या रस्त्यावर कुत्रंही दिसेना. पहाटे तेवढा तास-दोन तास जागलीच्या बायका बाहेर पडत, पाणी भरत, बकऱ्या गोठ्यात घालत, आणि उन्ह वर आलं की ओला पदर डोक्यावर घेऊन आत शिरत. बोलायलाही कुणी उभं राहत नसे. बोललं की घसा सुकतो. दुपारी उन्हाळखोलीत बसून जोसना दोन झोपलेल्या माणसांचे श्वास ऐके. एक श्वास आला की दुसरा येईपर्यंत तिची अख्खी शेंग सोलून व्हायची. तिला प्रत्येक गोष्टीचा राग येई. मुंग्यांचा, कापसाचा, सासूच्या घोटीव शांत चेहऱ्याचा. खुंटीवरच्या गाऊनचा तर फारच. आठवडा भरला की ती ओल्या वाळूत पुरलेली जागलीची कुपी काढी आणि मात्रा घेई, आणि घेताना तिला कळे की आपली झोप आपण आणखी लांब ढकलतोय. मृगात उठवायला तर लागणारच होतं. न घेऊन करणार काय?

तिच्या आणि वंदनाच्या परसाच्या मधोमध एक जुना ऐन होता, जंगलाचं एक टोक तिथवर आलेलं. त्याच्या उत्तरेकडच्या अंगाला टिकल्यांचा पुंजका होता. लहानपणी जोसना गोगलगाईंवर मीठ टाकायची. आता पहाटे तोंड धुताना तिची नजर आपोआप तिकडं जाई. जागी कोणती ते ओळखायला फार हुशारी लागत नव्हती. बाकीच्यांच्या तोंडावर जाड पांढरा पडदा, आणि एकीच्या तोंडावर दुधावरच्या पहिल्या सायीसारखा. तीच जरा सुकलेलीही होती.

"तू बी का?" जोसना तिला म्हणायची.

एका पहाटे ती टिकली जागेवरून हललेली दिसली. ढग नव्हते, वारा नव्हता, मृग लांब होता. तरी ती आपला पडदा फाडून बाहेर आली होती आणि शेजारणीच्या अंगावर चढून बसली होती. जोसनाला वाटलं, ही मेली आता, उन्हात सापडेल. दुसऱ्या पहाटे पाहिलं तर ती आपल्या जागी परत गेली होती आणि तिच्या तोंडावर जाड पांढरा पडदा होता. आणि शेजारणीच्या तोंडावर साय होती.

त्या आठवड्यात डॉक्टर उइके फेरीवर आल्या तेव्हा वंदनाही पाणी भरत होती. जोसनानं डॉक्टरांना ऐनापाशी नेलं.

"हे का होय?"

डॉक्टर वाकून बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उजळला, बऱ्याच दिवसांनी कुणी अभ्यासातलं विचारलं असावं तसा. "बदली. एकच टिकली उन्हाळाभर जागत नाही. थकत आली की शेजारणीला उठवते, तिच्या हाती काम देते आणि स्वतः झोपते. म्हणूनच सगळ्यांची झोप शाबूत राहते."

"मंग आमच्यात बदली कावून नाई?"

"माणूस मधेच उठवला तर त्या साली परत झोपत नाही, ताई. टिकलीला जमतं, आपल्याला नाही. म्हणजे बदली घेणाऱ्याला अर्धा उन्हाळा सोसावा लागला असता. लोक तयार होणार नाहीत असं वाटलं, म्हणून योजनेतून तो भाग काढला."

"लोक म्हंजे कोन?"

दुपट्टा पुन्हा ओला करून डॉक्टर पुढच्या घराकडं गेल्या. जोसना घागर उचलायला वाकली तर वंदनानं तिच्या घागरीवर हात ठेवला.

"वयनी, एक सांगू का? रागावजा नका."

"सांग."

"त्या पयल्या सभेत मी होती. नाश्ता वाढाले. डॉक्टर बोलून राह्यले होते, लोक अर्धे झोपलेच होते तवा. मंग एकच मानूस उठला अन् त्यानं विचारलं, एकाच मानसानं दरसाल जागल केली तं का होते जी?"

जोसनाचा हात घागरीच्या काठावरच राहिला.

"हेमराजभाऊच होते. डॉक्टर म्हनले, त्याची झोप जाईल, तसं करू नका. भाऊ हौ म्हनले. खाली बसले." वंदनानं घागरीवरचा हात काढला. "मंग मले अजून एक आलुबोंडा मांगतला."

"पाच साल झाले वंदना. तू मले सांगतलं नाई."

"मले वाटलं तुमाले मालूम आहे. मले वाटलं तुमी जानूनच करता. मी घरी आमच्या मानसाले सांगे, पाय जरा जोसनावयनीकडं." वंदनाच्या घरी एक साल ती आणि एक साल तिचा नवरा बसायचा. तो यंदा झोपला होता. "तुमी यंदा गाऊन दाखवला तवा मले समजलं. पन तवा का सांगू? तुमी इतल्या खूश होत्या."

जोसनानं घागर उचलली. ती जड लागली नाही. काहीच लागलं नाही.

दुपार झाली. मात्रा घ्यायचा दिवस होता. तिनं वाळू उकरून कुपी काढली आणि ती मुठीत धरून खोलीत खाटांच्या मधे बसली. हेमराज उताणा झोपला होता. झोपेत त्याचं वय उतरलं होतं. लग्नात मुंडावळ्या बांधून बसला होता तेव्हा असा दिसायचा, जरासा घाबरलेला आणि ते कुणाला कळू नये म्हणून हसणारा. त्याचे वडील बांधावर उन्हात पडून गेले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि त्यांची शिदोरी घेऊन तोच पोचला होता. हे तिला माहीत होतं. ती त्याच्यावर इतकी वर्षं रागावू शकली नाही त्याला हेच कारण होतं. आताही तिचा हात सवयीनं कापूस घेऊन त्याच्या ओठांकडं गेला. तिनं ओठ पुसले. मग कापूस खाली ठेवला.

बाहेर उन्ह गोठ्याच्या पत्र्यावर तडतडत होतं. तिचे तळहात घामानं भिजले होते. एक तिनं त्याच्या कपाळावर ठेवला, मग दुसरा तळपायांवर, आधी एका, मग दुसऱ्या. ठेवून बसली. हा घाम आजवर तिनं मृगातच वापरला होता, आणि कधीच स्वतःसाठी नाही.

तासाभरानं तो कण्हला. डोळे उघडले.

"मृग लागला?"

"नाई."

"मंग पानी पडलं का?"

"नाई."

त्यानं वर पाहिलं. तणसाच्या फटीतून उन्हाची सुरी आत आली होती. त्याच्या कपाळावर लगेच घाम फुटला. "आईले काई झालं?"

"आई मस्त झोपून आहे."

"मंग मले कावून उठवलं वं?"

"बदली," जोसना म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. तिनं त्याला माठातलं पाणी दिलं. तो प्यायला, आणि पिताना तिच्या चेहऱ्याकडं बघून हळूहळू सावध झाला.

"सभेत तुमी का विचारलं होतं?" ती म्हणाली.

एक मुंगी खाटेच्या पायावरून चढत होती. दोघंही तिच्याकडं बघत राहिले.

"ध्यानात नाई राह्यलं, असं नका म्हनजा," ती म्हणाली. "तेवढं सोडून दुसरं काईही म्हना."

"भेव लागते मले," हेमराज म्हणाला. आवाज इतका बारीक की तिला पुढं वाकावं लागलं. "बाबाचं तोंड डोयासमोर येते. दरसाल वाटे, हा एक उन्हाळा निघून जाऊ दे, मंग सांगतो तुले. अन् तू कधी कुरकूर केली नाई. मले वाटे, इले जमते."

"मले बी भेव लागते. दुपारी एकटी असली का मी आईच्या नाकाजवळ आरसा धरून बसते, का श्वास आहे का नाई. पाच साल."

"मले मालूम नवतं."

"विचारलं कवा?"

तो रडला असता तर तिला बरं वाटलं असतं की वाईट, हे तिला समजत नव्हतं. तो रडला नाही. तळहात उलटेसुलटे करून बघत राहिला, जणू त्यांतून काही गळून गेलं होतं. तिनं मूठ उघडून कुपी त्याच्या पुढं धरली. ती तिच्या हातात कोमट झाली होती.

"हे तुमी घ्या. यंदापासून तुमी. पुढच्या साली दुसरं कोनी पाहू, केंद्रातून मानूस मांगू, नाई तं कोनासंग बदली करू. पन मी आता घेनार नाई. दोन-तीन साल नाई घेतली तं माही झोप येईल परत, डॉक्टर म्हनते."

"अन् नाई आली तं?"

"तं नाई आली."

"जोसना, भाईर पाय कितलं उन्ह आहे."

"पाह्यलं."

त्यानं कुपीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, दाराच्या फटीकडं पाहिलं. मग त्यानं मात्रा घेतली. तोंड वाकडं केलं. ती कडू असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जोसनानं खुंटीवरून गाऊन काढला. तो कडक झाला होता. अंगात घालून तिनं गळ्याशी बटण लावलं आणि हेमराज उठला त्या अंथरुणावर आडवी झाली. जागा अजून त्याच्या अंगाच्या गारव्यानं गार होती. झोप येणार नव्हती हे तिला ठाऊक होतं. यंदा नाही, पुढच्या सालीही नाही.

"आईले कवा वळवाचं?" तो दारात उभा राहून म्हणाला.

"वंदना येईल. तिले विचारा."

"हौ."

"अन् डोक्याले ओला दुपट्टा बांधा. भाईर निंगताना."

"हौ."

तो वर गेला. भांडी पडल्याचा आवाज आला, मग बकरीशी तो काहीतरी बोलला, मग बराच वेळ डबे उघडल्या-झाकल्याचा आवाज येत राहिला. साखरेचा डबा मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या ताटात ठेवलेला होता, धानाच्या कोठीमागं. तिथं तो त्याला या जन्मी सापडणार नव्हता.

पावलं खाली आली. "साखर कुठी ठेवली वं?"

जोसना छपराकडं बघत राहिली. तणसातली ती उन्हाची सुरी आता भिंतीवर सरकली होती.

"जोसना? झोपली का?"

तिनं श्वास सावकाश आत घेतला, आणि सावकाश सोडला. डोळे तिचे उघडेच होते, आणि त्यालाही ते दिसत होते. मग त्यानं वाकून खाटेखालच्या वाट्यांत एकेक करून पाणी भरलं, आणि निघताना दार हळूच लोटून घेतलं, घरात कुणी झोपलेलं असताना लोटतात तसं.